हिलाल आप्पांचा दुसरा माल

हिलाल आप्पांच्या मसाल्याच्या वेबसाइटवर पुरुषांच्या ताकदीची औषधं विकायला लागली आहेत, ही गोष्ट महिनाभर अख्ख्या पंचक्रोशीला माहीत होती. माहीत नव्हती ती फक्त हिलाल आप्पांना.

त्यांना सांगणार कोण? माणूस सत्तरीचा, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, समाजातल्या प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेत खुर्ची. अशा माणसापुढे मोबाईल धरून "आप्पा, हे नवीन काय सुरू केलंत?" असं विचारायची कोणाची छाती नव्हती. लोक आपापसात कुजबुजत राहिले. एक सेवानिवृत्त गुरुजी मात्र धीट निघाले. ते आप्पांच्या धानोऱ्याच्या कारखान्यावर गेले, अर्धा किलो काळा मसाला घेतला, बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, "आप्पा, तो दुसरा माल शे का?"

आप्पांचा एक जहाल मसाला असतो. तो विकायला नसतो, घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी करतात. आप्पांना वाटलं, गुरुजींना कुठून तरी त्याचा सुगावा लागला. त्यांनी आतून एक पुडी बांधून आणली आणि बजावलं, "जपीसन घ्या गुरुजी. भलता तेज शे." गुरुजींनी पुडी काखेत दडवली. आठ दिवसांनी ते आणखी एक पुडी न्यायला आले. काय समजायचं ते वाचकांनी समजावं.

मसाल्याचं नाव मी इथं देत नाही. आप्पांची हरकत नव्हती. उलट, छापच म्हणून आग्रह होता. म्हणूनच देत नाही.

मी नंदुरबारला वेबसाइट बनवते आणि कोणी फोडल्या तर साफ करून देते. हल्ली बनवण्यापेक्षा साफ करण्याचंच काम जास्त. साइट फुटली की गिऱ्हाईक धापा टाकत येतं आणि पहिला प्रश्न विचारतं, "ताई, कोणी केलं हे?" उत्तरही त्याच्याकडे तयार असतं. कोणाला चुलतभावाचा संशय, कोणाला समोरच्या दुकानदाराचा. नवापूरच्या एका अंडीवाल्याने तर माझ्याकडे येण्याआधी इंटरनेटच्या डब्याला लिंबू-मिरची बांधून पाहिली होती. मी प्रत्येकाला एकच सांगते, तुमच्यावर कोणी जळत नाही. भुरटा चोर गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी हलवून बघतो, तसा हा प्रकार. फरक एवढाच की कडी यंत्र हलवतं आणि गल्ली जगाएवढी असते. जी कडी निघाली ते घर त्याचं. घरमालकाचं नावसुद्धा त्याला ठाऊक नसतं.

हे ऐकून माणसं खट्टू होतात. आपल्यावर कोणीच जळत नाही, हे सहन करणं फार अवघड आहे.

आप्पांच्या वेळी मात्र मला हे वाक्य गिळावं लागलं. ते कसं, तेच सांगायचं आहे.

मला फोन आला तो विमलअक्कांचा. या आप्पांच्या मंडळी. मसाला नावाला आप्पांचा, प्रमाण सगळं अक्कांच्या हातात. कशात किती धणे आणि किती दगडफूल, हे आप्पांनाही माहीत नाही. अक्कांच्या भावजयीने सुरतेत बसून मोबाईलवर मसाल्याचं नाव शोधलं होतं आणि जे दिसलं ते पाहून मोबाईल उशीखाली घातला होता.

"ताई, तू आठे ये," अक्का म्हणाल्या. "फोनवर सांगासारखं नही."

मार्चचा महिना होता, म्हणजे मसाल्याचा हंगाम. त्या दिवसांत आप्पांच्या कारखान्यात जायचं तर ओला रुमाल नाकाला बांधून जावं लागतं. मिरची कुटायचे डंख पडत असतात आणि हवेत लाल धुकं असतं. बोलणं शिंकांच्या मधल्या जागेत उरकायचं. कारखान्याच्या कोपऱ्यात काचेची एक खोली आहे, ती ‘हाफिस’. तिथं कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरपुढे मुश्ताकभाई.

मुश्ताकभाई मूळचे पेंटर. एकेकाळी नंदुरबारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आलं आणि ब्रश वाळून गेले. चाळिशी उलटल्यावर ते माझ्या कॉम्प्युटर क्लासात येऊन बसले, पोरासोरांच्या रांगेत, ताठ मानेने. तेव्हापासून आप्पांची पाकिटं, लेबलं, वेबसाइटवरचे फोटो आणि ऑर्डरी, सगळं तेच बघतात. अक्षर अजून पेंटरचंच आहे. किराणा मालाची यादी लिहिली तरी ती चौकटीत लावावीशी वाटते.

आप्पांनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि साइट उघडून दाखवली. "देख, कशी लाल मिरची दखाई ऱ्हायनी. काय बिघडेल शे येमा? विमल भलतंच काहीतरी बोलस."

खरंच काही बिघडलेलं नव्हतं. मिरच्यांचे ढीग, मसाल्याची पाकिटं, आप्पांचा टोपीतला फोटो. मी म्हटलं, "आप्पा, तुमचा मोबाईल द्या." त्यांच्याच मोबाईलवर मी मसाल्याचं नाव शोधलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. क्षणभर पांढरं दिसलं आणि मग पडद्यावर एक गोरा पहिलवान अवतरला. अंगात सदरा नाही, हातात बाटली, तोंडभर हसू.

आप्पांनी मोबाईल लांब धरून पाहिला, मग जवळ घेऊन पाहिला.

"हाऊ कोन शे?"

"तुमचा नवा सेल्समन," मी म्हटलं.

"येना कपडा कथा गयात?"

अक्का दारातून म्हणाल्या, "मी कव्हयनी सांगस, तुम्ही आयकतस का?"

ही या धंद्यातली जुनी चलाखी आहे. साइट फोडणारा दारात एक पहारेकरी बसवतो. घरचा माणूस कॉम्प्युटरवरून सरळ दाराने आला की पहारेकरी घर स्वच्छ दाखवतो. परका माणूस मोबाईलवर शोधत शोधत आला की त्याला पहिलवानाकडे धाडतो. मालकाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि गिऱ्हाईक लाजून बोलत नाही. एक महिना त्या पहिलवानाने आप्पांच्या नावावर सुखाने धंदा केला होता.

आप्पा खाली बसले. टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्यांनी विचार केला, आणि आप्पांचा विचार नेहमी सरळ रेषेत जातो.

"साइटनी चावी कोनाकडे शे?"

मी म्हटलं, "एक माझ्याकडे, एक मुश्ताकभाईंकडे."

"तू ते आठे ऱ्हास नही. मंग दार कोन उघाडं?"

मुश्ताकभाईंनी चष्मा काढून पुसला.

"आप्पा, बावीस साल झाले," ते म्हणाले. "तुमचा पहिला बोर्ड मी रंगवला. त्यावर मिरची काढली होती, ती बघून रस्त्यावरची माणसं शिंकायची. आणि आज म्हणता, हा उघडा माणूस मी आणून बसवला?"

"मी तुन्हं नाव लिधं का?"

"चावीचं घेतलं ना. तेच माझं नाव."

आप्पांना ते लागलं, पण मागे फिरणं त्यांच्या स्वभावात नाही. गावात काय बोललं जात असेल, ते त्यांच्या डोळ्यांपुढे एव्हाना उभं राहिलं होतं. गुरुजींच्या पुड्याही आठवल्या असाव्यात. ते मला म्हणाले, "ताई, शनवारपावत सांग हाई कोन करं ते. नही ते मी कॉम्प्युटरले दुसरा मानूस देखसू."

मुश्ताकभाई उठले. कॉम्प्युटर बंद केला, त्यावर प्लास्टिकचं कव्हर घातलं, कोपरे नीट ओढले आणि बाहेरच्या बाकावर हात बांधून बसले. "म्याडम सांगत नाही तोवर मी हात लावणार नाही," त्यांनी जाहीर केलं.

पुढचे सगळे दिवस हेच चाललं. सकाळी बरोबर दहाला यायचं, बाकावर हात बांधून आप्पांकडे बघत बसायचं आणि पाचला घरी जायचं. रजा नाही की भांडण नाही. आप्पा खोलीत गेले की काचेतून बघायचं, बाहेर आले की सरळ बघायचं. तिसऱ्या दिवशी आप्पा पाणी प्यायलासुद्धा मागच्या दाराने जायला लागले.

पण कामाचं सांगते, कारण लोकांना वाटतं मी एखादं बटण दाबते आणि साइट साफ होते.

पहिल्यांदा दुकान बंद करायचं. घरात चोर असताना गिऱ्हाईक आत घेत नाहीत. साइटवर पाटी लावायची की दुरुस्ती चालू आहे. मुश्ताकभाई टाइप करायला तयार नव्हते, म्हणून मजकूर आप्पांनी सांगितला आणि मी तसाच टाकला: "झाडझूड करी ऱ्हायनूत. दोन दिनमा या. मसाला तोच शे."

मग आहे त्या स्थितीत सगळ्याची एक प्रत काढून ठेवायची, घाणीसकट. पुढे तपासाला लागते. मग कुलुपं बदलायची, एक नव्हे, सगळी: साइटचं, साइट जिथं ठेवली आहे त्या खात्याचं, माहिती साठवायच्या आतल्या कपाटाचं आणि ईमेलचं. ईमेलचं लोक हमखास विसरतात, आणि चोर तिथूनच नव्या चाव्या मागवून घेतो. हे बदल करायचे तेही तपासलेल्या कॉम्प्युटरवरून. मी मुश्ताकभाईंचा कॉम्प्युटर आतून बाहेरून पाहिला. पंख्यात बोटभर तिखट साचलं होतं आणि आत एकाच मिरचीची अठरा चित्रं होती. बाकी काही नाही. हे मी आप्पांना सांगितलं.

"पुशी टाकं व्हई," आप्पा म्हणाले. म्हणजे पुसून टाकलं असेल.

साइटच्या आत मालकांची यादी असते. त्या यादीत माझं नाव होतं, मुश्ताकभाईंचं होतं आणि ‘सपोर्ट’ नावाचे एक तिसरे गृहस्थ होते. हे चोराने स्वतःसाठी करून ठेवलेलं. मुख्य दार बंद झालं तरी परत येता यावं म्हणून तो माळ्यावर अशी एखादी जागा करून ठेवतो. एकच जागा सापडली म्हणून खूश व्हायचं नसतं. मला आणखी तीन सापडल्या, एक तर मिरच्यांच्या फोटोंमध्ये फोटोचंच नाव घेऊन लपलेली.

आप्पांकडे साइटची राखीव प्रत होती, पण ती त्याच जागी ठेवलेली. म्हणजे घराची दुसरी चावी घराच्याच खिडकीत. तीही बाटलेली निघाली. माझ्याकडे घरी वेगळ्या डिस्कवर दिवाळीच्या सुमाराची प्रत होती, ती उपयोगी पडली. जुनी आणि नवी समोरासमोर ठेवून मी फाईलमागून फाईल जुळवत गेले. पहिलवानाच्या औषधांची हजारो पानं काढली. गिऱ्हाइकांच्या खऱ्या ऑर्डरी हाताने परत लावल्या. मूळ सॉफ्टवेअर जुनं टाकून नवं कोरं घेतलं. बुधवारी साइट धुऊन पुसून तयार झाली. सर्च इंजिनवाल्यांना कळवलं की आता या आणि तपासा. त्यांना यायला दोन-तीन दिवस लागतात.

साइट साफ झाली. पण आप्पांनी मला साइट साफ करायला कुठं बोलावलं होतं? त्यांना नाव हवं होतं. आणि बाकावर एक माणूस हात बांधून बसला होता.

साइट ज्या यंत्रावर ठेवलेली असते तिथं एक हजेरीबुक असतं. कोण कुठून आलं, किती वाजता आलं, कुठली पानं उघडली, सगळं आपोआप लिहिलं जातं. पण जेमतेम महिनाभरच ठेवतात, मग जुनं पुसतात. मी अगदी काठावर पोचले होते. गुरुवारी सकाळी ते बुक घेऊन बसले.

एरवी या बुकात चोराचे फसलेले प्रयत्न दिसतात. हा पासवर्ड लावून बघ, तो लावून बघ, असे शेकडो. कडी हलवल्याचा आवाजच म्हणा. इथं एकही नव्हता. परदेशातून कोणी एक आला होता. त्याने मुश्ताकभाईंच्या नावाने पासवर्ड टाकला आणि पहिल्या फटक्यात दार उघडलं.

म्हणजे चोराला पासवर्ड माहीत होता. आणि तो पासवर्ड मुश्ताकभाई सोडले तर कोणालाच ठाऊक नव्हता, मलाही नाही. आप्पांची सरळ रेषा बरोबर निघणार की काय?

मी पाण्याचा ग्लास संपवला आणि तोच पाहुणा त्याआधी काय करत होता ते बघितलं. तो फोटो गॅलरीत हिंडत होता. मिरच्या बघितल्या, डंख बघितले. मग ‘दसरा’ नावाचा फोटो उघडला. मग त्याच फोटोची मूळ, मोठी प्रत उघडली. त्यानंतर दहा मिनिटं काही नाही. आणि त्यानंतर सरळ पासवर्ड.

मीही तो फोटो उघडला.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्याचं ज्यावर पोट, ते त्याचं हत्यार. कोणी विळा ठेवतो, कोणी पाना, ट्रकवाला ट्रकलाच हार घालतो. आप्पांनी डंखाची पूजा केली होती, वजनकाट्याची केली होती आणि कॉम्प्युटरची केली होती. कॉम्प्युटरला हळद-कुंकू, माउसवर झेंडू, की-बोर्डवर आपट्याची पानं. मधोमध नारळ. नारळाला टेकवून मुश्ताकभाईंची कामाची वही उघडी ठेवलेली, पहिलं पान. वर ‘श्री’, खाली स्वस्तिक आणि त्याखाली, वेबसाइटमध्ये शिरायचं नाव आणि पासवर्ड. रोमन अक्षरांत, दोन रंगांत, सावली काढून. जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातल्या माणसाने चष्म्याशिवाय वाचावं असं.

आणि मागे आप्पा, टोपीसकट, हसत.

मी ते अक्षर बघत बसले. एखाद्या डॉक्टरने तो पासवर्ड लिहिला असता तर साइट आजतागायत सुरक्षित राहिली असती.

मग मी साइटमधल्या त्या फोटोच्या नोंदीची शेवटची ओळ पाहिली. फोटो साइटवर कोणी चढवला, त्याचं नाव. माझं होतं.

लख्ख आठवलं. दसऱ्यानंतर मी तो फोटो लहान करून टाकला होता. मोठे फोटो टाकायचे नसतात, साइट जड होते, हे मीच क्लासात शिकवते. संध्याकाळी आप्पांचा फोन आला. "ताई, येमा मन्हं तोंड मूगना दाना एवढं दखास. मोठा टाक." मी घाईत होते. बायकांच्या बचत गटात माझं व्याख्यान होतं. मी वैतागून मूळ फोटो जसाच्या तसा चढवला आणि व्याख्यानाला पळाले. फोटोत काय आहे ते पाहिलंही नाही. व्याख्यानाचा विषय होता, पासवर्ड कोणालाही का सांगू नये.

आता इथं मी थोर झाले असं लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. सगळ्यात आधी मी तो फोटो साइटवरून काढला, आणि मग पूर्ण एक कप चहा होईपर्यंत विचार केला की आप्पांना "यंत्राने केलं, कोणाचा दोष नाही" असं सांगून मोकळं व्हावं. नेहमीचं वाक्य. सगळे ऐकतात. पण आप्पा ऐकणार नव्हते. त्यांनी चावीचं विचारलं असतं आणि मुश्ताकभाई जन्मभर अर्धे चोर राहिले असते. शिवाय चोराने तो फोटो उघडल्याचं हजेरीबुकात होतं, ते मी पुसू शकत नव्हते. उद्या दुसऱ्या कोणी त्या फोटोचा माग काढला असता तर तो माझ्या नावापाशी आला असता. आप्पांच्या शब्दावर माझ्याकडे किती गिऱ्हाइकं येतात ते मला माहीत आहे. खोटं बोलून ती जाणार असतील, तर खरं बोलून गेलेली बरी, त्यात कष्ट कमी. अशा हिशेबी कारणाने मी शनिवारी धानोऱ्याला गेले.

अक्कांना बोलावलं. बाकावरून मुश्ताकभाईंना बोलावलं. ते आले, पण हात बांधलेलेच. माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर दसऱ्याचा फोटो लावला.

आप्पा वाकून बघत म्हणाले, "फोटो भारी शे."

"तुमचं तोंड मुगाच्या दाण्याएवढं दिसतं का?" मी विचारलं.

"नही. आते बराबर दखास."

मी फोटो मोठा करत नेला. आप्पांचं तोंड बाहेर गेलं, झेंडू बाहेर गेला, नारळ आला, वही आली. शेवटी पडद्यावर फक्त मुश्ताकभाईंचं अक्षर उरलं, दोन रंगांत, सावलीसकट.

पहिल्यांदा अक्कांना समजलं. "आगं माय," त्या म्हणाल्या. "चोरले ते आवतन दिधं ना."

मी सगळं सांगितलं. वही कोणी लिहिली, पूजेत कोणी उघडून ठेवली, फोटो मोठा कोणी मागितला आणि न बघता कोणी चढवला. शेवटचं वाक्य जरा भरभर म्हटलं, पण म्हटलं.

आप्पा माझ्याकडे वळले. "म्हंजे तू?"

"मी. आणि तुम्ही. आणि थोडंसं मुश्ताकभाईंचं अक्षर."

"अक्षराला काय झालं?" मुश्ताकभाई एकदम म्हणाले. "वाचता आलं ना त्याला? मग पेंटरचं काम झालं."

आप्पांनी घसा साफ केला. माफी वगैरे शब्द त्यांच्या तोंडाला सवयीचे नाहीत. ते म्हणाले, "मुश्ताक, कॉम्प्युटर सुरू कर."

मुश्ताकभाई हलले नाहीत.

"चहा पेस का?"

"आप्पा, तुम्ही मला खोलीत बोललात, पण ते गावात गेलं. आता खोलीत चहा पाजून चालणार नाही."

ते खरं होतं. आप्पा अक्कांकडे बघायला लागले. अक्का दाराबाहेर बघायला लागल्या. शेवटी आप्पांनी मोबाईल काढला आणि समाजाच्या ग्रुपवर, ज्यातले सगळे महिनाभर त्यांच्या पाठीमागे बोलत होते, तिथं आवाजाचा संदेश टाकला. उभं राहून, टोपी नीट करून.

"रामराम मंडळी. मन्ही साइटवर ज्या औषधी दखाई ऱ्हायंत्यात त्या मन्ह्या नहीत. चोरनं घालेल व्हत्यात. मुश्ताकनी काही चूक नही. चूक मन्ही शे, आनि ताईनी शे. मी आठे फक्त मसाला इकस. दुसरा माल काही नही."

दोन मिनिटांनी गुरुजींचा संदेश आला, लेखी, शुद्ध मराठीत: "मग मला दोनदा दिलेत ते काय होते?"

मुश्ताकभाईंचे हात तेव्हा सुटले. पोट धरायला लागले ना.

त्यांनी कव्हर काढलं, घडी घातली आणि कॉम्प्युटर सुरू केला. सोमवारी पहिलवान सर्चमधूनही गेला. गुरुजी अजून पुडी नेतात. खरं कळूनही नेतात, त्याबद्दल मला आदर आहे.

साफसफाईपेक्षा पुढची व्यवस्था महत्त्वाची असते. आप्पांच्या साइटला मी लांबलचक पासवर्ड लावला, कुठल्याही वहीत न लिहिलेला. अपडेट आपोआप होतील असं केलं. नको असलेली सॉफ्टवेअरं काढून टाकली. राखीव प्रत दर आठवड्याला दुसऱ्या गावी जाईल अशी सोय केली. आणि आत शिरताना मोबाईलवर सहा आकडे येतील, ते टाकल्याशिवाय दार उघडणार नाही, असं केलं. आकडे कोणाच्या मोबाईलवर यावेत यावर चर्चा झाली. मी अक्कांचा नंबर टाकला. ज्या बाईने चाळीस वर्षं नवऱ्याला दगडफुलाचं प्रमाण सांगितलं नाही, तिच्याइतकी भरवशाची तिजोरी जिल्ह्यात नाही. आता मुश्ताकभाईंना किंवा आप्पांना साइट उघडायची तर आधी स्वयंपाकघरात जावं लागतं. अक्का पीठ मळता मळता विचारतात, "कसाले पाहिजे?" कारण पटलं तर आकडे सांगतात.

मागच्या दसऱ्याला आप्पांनी मला पूजेला बोलावलं. सगळी मांडणी झाली, पण आप्पांना चैन पडेना. वहीशिवाय पूजा अर्धी वाटत होती. मी म्हटलं, वही ठेवा, फक्त मिटलेली ठेवा. मिटलेली विद्या पुजायची नसते, असं आप्पांचं मत. तेव्हा मुश्ताकभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी ब्रश काढला. नव्या पानावर ‘श्री’, स्वस्तिक आणि खाली एक नाव, एक पासवर्ड. दोन्ही खोटे (हे आप्पांना सांगितलं नाही), दोन्ही तीन रंगांत. फोटो काढला आणि या वेळी मी तो मुद्दाम मोठा चढवला. साइटच्या दारात सापळा लावला: जो कोणी ते खोटं नाव टाकील त्याच्यासाठी दार दिवसभर बंद, आणि मुश्ताकभाईंच्या मोबाईलवर घंटा.

पंधरा दिवसांतच त्यांचा फोन आला. आवाज फार शांत होता.

"म्याडम, चोर सापडला."

"कुठल्या देशाचा?"

"धानोऱ्याचा. तुम्ही या."

मी गेले. झालं होतं असं की मुश्ताकभाई जेवायला गेलेले, आणि आप्पांना साइटवरचा स्वतःचा फोटो बदलायचा होता. स्वयंपाकघरात जाऊन अक्कांना कारण सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. भिंतीवर दसऱ्याचा फोटो लावलेला होताच, त्यात सगळं सुवाच्य लिहिलेलं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, आप्पांनी ते तीनदा टाकलं.

कॉम्प्युटरवर कव्हर होतं, कोपरे ओढलेले. मुश्ताकभाई काचेच्या खोलीत उभे होते. आप्पा बाहेरच्या बाकावर बसले होते, हात बांधून. अक्का दारात पदर तोंडाला लावून.

"आप्पा," मुश्ताकभाई अगदी आप्पांच्याच बोलीत विचारत होते, "चावी कोनाकडे शे?"

आप्पा मला बघून उठले. "ताई, तू याले सांग. मी चोर नही."

मी रुमाल नाकाला बांधला आणि म्हटलं, "शनवारपावत देखू, आप्पा."